बायोडाटात 22 पेपर आहेत, पण शेती किती ते लिहिलंच नाही

दिग्रस तालुक्यातून एका भावाचं पत्र आलं आहे, नाव-गाव काढून आणि थोडं आखूड करून देते.

"मॅडम, माझ्या लहान बहिणीले स्थळ आलं आहे. ती एमएस्सी केमिस्ट्री झाली, ज्युनिअर कॉलेजले तासिकेवर शिकवते. पोरगा 33 वर्षांचा, सायंटिस्ट आहे म्हणतात, विषय ॲटॉमिक अँड मॉलिक्युलर फिजिक्स. बायोडाटाचे पानं दोन, त्यातलं एक नुसतं पेपरांच्या नावांचं. 22 पेपर, एच-इंडेक्स 9, जर्मनीत तीन वर्षं, 'इन्स्पायर फॅकल्टी', 'बीमटाइम अवॉर्डेड' तीन वेळा, ग्रँट 35 लाख. मले सातबारा वाचता येते, फेरफार समजते, पण हे पान उलटं धरलं काय न् सुलटं धरलं काय, सारखंच. मोठी आत्या म्हणते अणूचं काम करणाऱ्याले पुढं मूलबाळ होत नाही. काका म्हणतात एवढ्या वर्षांत शोध कोणता लावला ते सांगा. मी गूगलवर पाहिलं तर त्याच्या यादीत एक पेपर सोयाबीनच्या तांबेऱ्यावर निघाला, आणि 2021-22 मध्ये एकही पेपर नाही. मध्यस्थ म्हणतो सरकारी नोकरी आहे, हातचं सोडू नका. तुळशीच्या लग्नानंतर साक्षगंध करा म्हणून मागं लागला आहे. काय करावं?"

भाऊ, वयानं माझ्या पोराएवढा आहेस म्हणून तूच म्हणते. पहिले आत्याबाईंचं निस्तरू, कारण मूलबाळाचं बोलणं एकदा घरात फिरलं की तुझी आई रात्रभर झोपायची नाही आणि मग बाकीचं कोणी ऐकूनच घ्यायचं नाही.

ॲटॉमिक फिजिक्स म्हणजे अणुबॉम्ब नाही बाप्पा. अणूच्या मधात गाभा असतो आणि त्याच्या भवती इलेक्ट्रॉन असतात. बॉम्ब, अणुभट्टी, किरणोत्सर्ग हे सगळं गाभ्याचं काम, त्याला न्यूक्लिअर फिजिक्स म्हणतात, ते वेगळं खातं. हा पोरगा बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचं पाहतो. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन काढून टाकायला 13.6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचं माप) लागतात, आणि गाभ्यातल्या उलाढाली दहा-दहा लाखांच्या हिशोबानं चालतात, म्हणजे दोन्हीची बरोबरीच नाही. तू यादी पाठवली त्यात त्याच्या पीएचडीचा विषय आहे इलेक्ट्रॉनचा मारा करून लहान रेणू कसे तुटतात हा. या कामातले इलेक्ट्रॉन काहीशे, फार तर एखाददोन हजार व्होल्टचे असतात, आणि तेही जाड स्टीलच्या बंद डब्यात, ज्यातली हवा पंपानं पार उपसलेली असते. तुमच्या घरी तो जुना डबा टीव्ही होता ना, पिक्चर ट्यूबवाला, त्याच्यात वीस-पंचवीस हजार व्होल्ट असायचे आणि आत्याबाई स्वतः त्याच्यासमोर बसून रामायण-महाभारत पाहत होत्या, त्यांना चार लेकरं झालीच की. हेच्या हेच सांग त्यांना, माझं नाव घालून सांगितलं तरी चालते.

बीमटाइमचं पण इथंच सांगून टाकते. त्याच्यापुढे अवॉर्डेड लिहिलं म्हणून तुम्ही पुरस्कार समजला असाल, पण तसं नाही. मोठमोठ्या मशीन काही ठराविक ठिकाणीच असतात, दिल्लीला इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये पेलेट्रॉन आहे, इंदूरला राजा रामण्णा सेंटरमध्ये इंडस-1 आणि इंडस-2 आहेत, ही सगळी कणांना वेग देणारी यंत्रं, आणि तिथं मशीन वापरायला मिळावी म्हणून आपण काय मोजणार, कशासाठी मोजणार हे लेखी द्यावं लागते, मग कमिटी ते वाचून काही दिवसांची पाळी देते. त्या पाळीला बीमटाइम म्हणतात. तीन वेळा मिळाली म्हणजे तीन वेळा तिऱ्हाईत जाणकार माणसांना त्याचा प्रश्न मोजण्यासारखा वाटला. मोमेंटो मिळत नाही, पण मी तर मोमेंटोपेक्षा ह्याचंच वजन जास्त धरते.

आता ते पेपरांचं, म्हणजे छापून आलेल्या संशोधन-लेखांचं, पान. तू सातबाऱ्याचं काढलंच आहे तर तसंच घे, सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून सगळी जमीन त्याची होत नाही, हिस्सा किती आणि कसतो कोण हे पाहावं लागते, इथंही तेच. प्रत्येक पेपरावर तीन-चार-आठ नावं असतात. ह्या विषयातल्या प्रयोगाच्या पेपरात पहिलं नाव बहुतेक वेळा ज्यानं रात्र-रात्र जागून काम केलं त्याचं असते आणि शेवटचं लॅबच्या प्रमुखाचं. मधातले मदतीचे, कोणाची जास्त कोणाची कमी. मी मोजले, 22 पैकी 7 मध्ये ह्याचं नाव पहिलं आहे आणि अलीकडच्या दोनमध्ये शेवटचं, म्हणजे आता स्वतःचं काम स्वतःच्या हिमतीवर सुरू झालेलं दिसते. चांगलं लक्षण आहे. (सगळ्याच विषयांत असं नसते बरं का, कणांच्या फिजिक्समध्ये 2015 मध्ये हिग्ज नावाच्या कणाच्या वस्तुमानावर एक पेपर आला त्याच्यावर 5,154 लेखक होते, तिथं कोण पहिला अन् कोण शेवटचा.)

मग कुठं छापलं ते. फिजिकल रिव्ह्यू ए, जर्नल ऑफ फिजिक्स बी, ही ह्या विषयातली जुनी, खात्रीची जर्नल्स आहेत, पैसे देऊन आठवड्यात छापणारी नाहीत. यादीत एक फिजिकल रिव्ह्यू लेटर्सचा आहे, तू त्याच्यापुढे लिहून पाठवलं की "हा तर चार-पाच पानांचाच आहे, हा धरावा का?" अरे, त्या जर्नलमध्ये शब्दांचीच मर्यादा असते, आणि तिथं छापून यावं म्हणून लोक वर्षानुवर्षं धडपडतात. सगळ्यात बारका दिसणारा तोच सगळ्यात भारी आहे.

एक पेपर मात्र मला खटकला. तो इंटरनॅशनल जर्नल ऑफ असं लांबलचक नाव असलेल्यातला, 2016 चा. अशी पुष्कळ दुकानं निघाली होती, फी भरा न् छापा. त्या काळात पीएचडी जमा करायच्या आधी पेपर छापलेलाच पाहिजे असा नियम होता, यूजीसीनं 2022 मध्ये ती सक्ती काढली, तर त्या घाईत कित्येक पोरांनी असा एखादा टाकला. एकच आहे म्हणून मी त्याच्यावरून माणूस तोलणार नाही, दहा असते तर हे पत्र वेगळं झालं असतं. तुला स्वतःला तपासायचं असेल तर पेपरच्या पहिल्याच पानावर बारीक अक्षरात तारखा असतात, कधी मिळाला आणि कधी स्वीकारला. मधात काही महिने गेलेले असले तर कोणीतरी वाचून, शंका काढून, दुरुस्त्या करायला लावून मग घेतला असं समज. आठ दिवसांत स्वीकारलेला दिसला तर कोणी वाचलाच नसेल.

सोयाबीनच्या तांबेऱ्याचं तू अगदी चोर पकडल्यासारखं लिहिलं आहे, पण तो ह्याचा नाहीच. आडनाव तेच, नावाची दोन आद्याक्षरं तीच, आपल्याकडे अशी माणसं एका तालुक्यात पन्नास निघतील, आणि गूगल स्कॉलर आपल्या मनानं पेपर उचलून यादीत टाकते, मालकानं लक्ष दिलं नाही की ते तसंच राहते. ह्याच भानगडीसाठी संशोधकांना ऑर्किड नावाचा 16 आकडी नंबर मिळतो, तो त्याच्या बायोडाटात आहे, तो टाकून पाहिलं तर 22 पेपर येतात आणि त्यात तांबेरा नाही. भेटशील तेव्हा सांग त्याला यादी साफ करायला. नाही सांगितलं तरी चालते, पण मी असते तर चिडवलं असतं.

एच-इंडेक्स 9 म्हणजे त्याचे 9 पेपर असे आहेत की ज्यांचा प्रत्येकी निदान 9 वेळा दुसऱ्या पेपरांत उल्लेख झाला. 2005 मध्ये हिर्श नावाच्या फिजिक्सच्याच माणसानं काढलेली मोजणी आहे ही. 33 व्या वर्षी, एवढ्या लहान विषयात, बरी आहे. तुमच्या नात्यात कोणी डॉक्टर जावई असेल आणि त्याची 30 असेल तर असू दे, औषधांवर लिहिणारे जगात लाखो आहेत त्यामुळे तिथं उल्लेखही ढिगानं होतात, दोन विषयांचे आकडे शेजारी ठेवायचेच नसतात. आणि हा आकडा खाली कधी येत नाही, माणूस झोपून राहिला तरी आहे तिथंच राहतो किंवा वाढतो, म्हणून मी त्याला फार भाव देत नाही.

2021-22 मध्ये कोरं का? हा प्रश्न मात्र तू बरोबर काढला. त्याच्या बायोडाटात 2020 ते 2023 जर्मनीत हायडेलबर्गला माक्स प्लांक इन्स्टिट्यूटमध्ये असं आहे. त्या संस्थेत रिॲक्शन मायक्रोस्कोप नावाच्या यंत्रावर काम चालते, ते काय ते सांगते म्हणजे तुला दोन वर्षांचा अंदाज येईल. समजा कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू घेतला आणि त्याचे दोन इलेक्ट्रॉन उडवले. उरलेल्यावर दोन धन भार, ते एकमेकांना ढकलतात, रेणू फुटतो, एकीकडे ऑक्सिजन जातो आणि दुसरीकडे कार्बन मोनॉक्साइड. ऑक्सिजनचं वजन 16, दुसऱ्याचं 28, हलका तुकडा डिटेक्टरवर आधी आदळतो, जड मागून येतो, सगळं एका सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या आसपास. कोणता कधी पोचला आणि डिटेक्टरवर नेमका कुठं पडला ह्यावरून उलटा हिशोब करून रेणू कसा फुटला ते काढायचं. पण हे जमायला एका वेळी एकच रेणू फुटला पाहिजे, दोन फुटले की कोणता तुकडा कोणाचा ते कळत नाही, म्हणून मुद्दाम सावकाश मोजतात, दिवसच्या दिवस, कधी आठवडे. आणि त्याच्या आधी तो स्टीलचा डबा जोडा, गळती शोधा, हीटर बांधून तीन-चार दिवस शंभर-दीडशे डिग्रीवर भाजा म्हणजे भिंतीला चिकटलेलं पाणी निघून जाईल, एक स्क्रू ढिला निघाला की पुन्हा पहिल्यापासून. त्यात ते कोरोनाचं वर्ष, लॅबला कुलपं. नवीन यंत्र उभं करत असला तर दोन वर्षं कोरी जाणं मला अजिबात नवल वाटत नाही, आणि 2023 मध्ये त्याचे एकदम चार पेपर आले आहेत, ते त्या यंत्राचेच असावेत. पण हा माझा अंदाज झाला. त्यालाच विचारा, "2021 मध्ये दिवसभर काय करत होतात?" ज्यानं खरंच यंत्र बांधलं तो ह्या प्रश्नावर अर्धा तास थांबत नाही, पंपाच्या नटबोल्टापर्यंत सांगत बसतो. गुळमुळीत बोलला तर मग कान टवकारा.

हे लिहिता लिहिता माझ्या डोक्यात राहून राहून एकच येऊन राहिलं. भाऊ, तुमच्या घरात एमएस्सी केमिस्ट्री झालेली पोरगी बसली आहे. रेणू, आयनायझेशन, मास स्पेक्ट्रम हे तिनं शिकलेलं आहे, परीक्षा दिल्या आहेत त्याच्या, आता बारावीच्या पोरांना शिकवते. आणि तो बायोडाटा आत्यानं पाहिला, काकांनी पाहिला, मध्यस्थानं पाहिला, तू पाहिला, थेट माझ्यापर्यंत व्हॉट्सॲपवर फोटो आला, पण तुझ्या पत्रात कुठंच नाही की "बहिणीनं वाचला, ती असं म्हणाली". दाखवला तरी का तिला? आज संध्याकाळी दोन्ही पानं तिच्या हातात दे आणि उठून जा तिथून. ह्या विषयातले बरेच पेपर आर्काइव्ह नावाच्या वेबसाइटवर फुकट मिळतात, त्याची पीएचडी शोधगंगेवर, म्हणजे प्रबंध ठेवायच्या वेबसाइटवर, असेल तर तीही फुकट, तिला सगळंच समजेल असं नाही पण पहिलं प्रकरण नक्की समजेल, आणि ज्या माणसासोबत जन्म काढायचा तो कशात डोकं घालून बसतो ते पंचवीस-तीस पानांत कळत असेल तर कोणाला नको आहे. तिला कंटाळा आला तर तेही कळलं. माझ्यापेक्षा आणि काकांपेक्षा ह्या कागदावर तिचं मत जास्त चालायला पाहिजे.

काकांचं पण उत्तर देऊन टाकते. शोध कोणता लावला? रामन साहेबांना रामन इफेक्ट सापडला तसा 28 फेब्रुवारी 1928 रोज रोज उगवत नाही. ह्या विषयातलं नव्वद टक्के काम म्हणजे एखादा आकडा नीट मोजायचा, जो आधी कोणी मोजला नव्हता किंवा ढोबळ मोजला होता. मग तो आकडा दुसरे वापरतात. कॅन्सरचा शेक देताना शरीरात जे मंद इलेक्ट्रॉन सुटतात ते नुसत्या 3 ते 20 इलेक्ट्रॉन-व्होल्टचे असले तरी डीएनए तोडतात हे 2000 मध्ये कळलं, तिथं असे आकडे लागतात. आणि काकांना जवळचं पाहिजे असेल तर माती परीक्षणाचं कार्ड काढायला सांगा. त्यावर झिंक, लोह, तांबं लिहून येते ते कसं काढतात? लॅबमध्ये मातीतून काढलेलं पाणी ज्योतीत फवारतात, समोर झिंकचाच दिवा लावतात, झिंकचे अणू 213.9 नॅनोमीटरचा तेवढाच प्रकाश खातात, किती खाल्ला त्यावरून मातीत किती आहे ते समजते. हे ॲटॉमिक फिजिक्सच आहे, आणि त्या कार्डाच्या भरवशावर काका दरवर्षी झिंक सल्फेटची बॅग आणतात.

आता ज्याच्यासाठी खरं थांबायला पाहिजे ते. मध्यस्थानं "सरकारी नोकरी" म्हटलं ते अर्धं खोटं आहे. इन्स्पायर फॅकल्टी ही केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची फेलोशिप आहे, मिळायला कठीण, मान मोठा, महिन्याला सव्वा लाखाच्या घरात ठोक पैसे, पण मुदत पाच वर्षं. ती संपली की संस्थेनं कायम केलं तर केलं, नाही तर दुसरीकडे अर्ज. पेन्शन, अनुकंपा, क्वार्टर असलं जे तुमच्या डोळ्यासमोर आलं असेल ते ह्यात धरू नका. बायोडाटात 2024 पासून आहे म्हणजे 2029 ला संपते. पोरानं कुठं लपवलं नाही, त्यानं साफ लिहिलं आहे, मध्यस्थानं चढवून सांगितलं.

आणि ते 35 लाख. वर्षाला 7 लाख, पाच वर्षांचे 35, संशोधनाचा खर्च. पंप, डिटेक्टर, गॅसचे सिलिंडर, बीमटाइमला जायचं तिकीट. पैसा संस्थेच्या खात्यात येतो, बिलावर निघतो, हिशोब द्यावा लागतो. त्यातून घर होत नाही, गाडी होत नाही. तुमच्याकडच्या कोणी ह्या 35 लाखाच्या जोरावर "पोरगा तोलामोलाचा आहे, आपल्यालाही तसंच द्यावं लागेल" असं काही सुरू केलं असेल तर तिथल्या तिथं बंद कर. मागितलं त्यांनी काही? पत्रात तर नाही.

जमिनीचं नाही लिहिलं म्हणून तू दोनदा लिहिलं आहे. असेल तर असेल, फोन करून विचार, लाजायचं काय त्यात. पण त्याच्यापेक्षा मोठा प्रश्न आहे 2029 नंतर कुठं? ह्या कामाच्या जागा अहमदाबादच्या पीआरएलमध्ये, मुंबईला टीआयएफआरमध्ये, इंदूर, दिल्ली, आयआयटी, आयसर अशा मोजक्या संशोधन संस्थांत आहेत, दारव्हा-दिग्रसला नाहीत, यवतमाळलाही नाहीत. म्हणजे तुझ्या बहिणीला हलावं लागेल, कदाचित दोनदा. ती तासिकेवर आहे, आज कायम नाही, पण उद्या इथंच जागा निघाली तर? ती बीएड, सेट-नेट काही करून राहिली का? तिला पुढं पीएचडी करायची आहे का? हे तिघा-चौघांसमोर चहा-पोह्याच्या ताटावर बोलून होत नाही. दोघांना अर्धा दिवस द्या, पुसदला जाऊ दे, कुठं बसून बोलू दे, सोबत भाची-पुतण्याला पाठवू नका. मध्यस्थाची घाई मध्यस्थाजवळ. साक्षगंध पुढच्या महिन्यात ढकललं म्हणून चांगलं स्थळ पळून जात नाही, आणि गेलंच तर ते तेवढ्यापुरतंच होतं.

माझं मत विचारलं म्हणून सांगते, कागद सरळ आहे. मेहनती माणसाचा कागद आहे, फुगवलेला नाही, जिथं हात आखडला तिथं कारण दिसते. पण तो घरात कसा बोलतो, चिडला की काय करतो, बायकोची बदली झाली तर मागं जायला तयार आहे का, हे त्या 22 पेपरांत कुठंच लिहिलेलं नाही. ते चौकशीनं काढ, त्याच्या सोबत काम केलेल्या पोरींना विचारता आलं तर फारच चांगलं, लॅबमध्ये माणूस लपत नाही.

ता.क. मध्ये तू लिहिलं की मामा म्हणतात नावापुढं डॉक्टर लावते पण बीपी तपासत नाही, मग कायचा डॉक्टर. पीएचडीचा डॉक्टर आहे, मामांना तेवढं सांगून ठेव, आणि पाहायला येतील त्या दिवशी आजीच्या गुडघ्याचा एक्स-रे त्याच्यासमोर काढू नका.